सुवार्ता सांगताना समोरच्याचा नकार शाबूत ठेवावा

आपला विश्वास दुसऱ्याला सांगावा की सांगू नये, हा वाद महाराष्ट्रात अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले तेव्हापासून चालू आहे आणि तो इतक्यात मिटेल असे दिसत नाही. त्या वादाचा निकाल लावणे हा या लेखाचा हेतू नाही. जे पाळक, सुवार्तिक, धर्मभगिनी किंवा मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, साधे सभासद आपल्या श्रद्धेविषयी इतरांशी बोलतात, त्यांनी ते काम कोणावर अन्याय न होता कसे करावे, एवढेच येथे सांगायचे आहे. यासाठी मी एकच कसोटी वापरतो: ऐकणाऱ्याला स्वतःचे काहीही न गमावता 'नाही' म्हणता येते का? येत असेल, तर तुम्ही कितीही कळकळीने बोला. येत नसेल, तर तुमचा हेतू कितीही शुद्ध असला तरी ते काम थांबवले पाहिजे. हीच कसोटी 'घरवापसी'च्या कार्यक्रमांनाही लावावी, कारण दबावाला धर्म नसतो.

कायदा काय म्हणतो, हे आधी माहीत करून घ्यावे

राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला विवेकस्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की काढावा, यावर संविधान सभेत 6 डिसेंबर 1948 रोजी चांगलीच खडाजंगी झाली होती आणि विरोध असूनही तो ठेवला गेला. पुढे 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणणे हा हक्क नाही. या निकालावर कायदेपंडितांनी टीका केली आहे आणि मला त्या टीकेत तथ्य वाटते, कारण धर्म बदलू इच्छिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या विवेकस्वातंत्र्याचा त्यात पुरेसा विचार दिसत नाही. तरीही सांगणाऱ्यापुरते बोलायचे तर हे सूत्र चांगले आहे. सांगणे आपले, ठरवणे त्याचे.

ओडिशाने 1967 साली आणि मध्य प्रदेशाने 1968 साली बळजबरी, फसवणूक व प्रलोभन यांनी केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले आणि नंतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. अलीकडच्या काही कायद्यांत चांगल्या राहणीमानाचे आश्वासनसुद्धा प्रलोभनात मोडते, तर काही राज्यांत आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणून नागपूरहून मध्य प्रदेशात किंवा नंदुरबारहून गुजरातेत प्रार्थनासभेला जाणाऱ्यांनी त्या त्या राज्यातला आजचा कायदा वकिलाकडून समजून घ्यावा आणि आपल्या जिल्ह्यातही तेच करावे. परदेशातून पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला व्यासपीठावर उपदेशाला उभे करू नये. परदेशातून येणारी देणगी 2010 च्या परकीय योगदान कायद्यानुसार, ज्या कामासाठी नोंदणी आहे त्याच कामासाठी वापरावी. हे सर्व किमान आहे. कायद्यात बसणारी प्रत्येक गोष्ट नीतीत बसते असे नाही, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

ज्याचे अन्न आपल्या हाती आहे, त्याच्याशी बोलताना

सत्ता म्हणजे केवळ तलवार किंवा सरकारी हुकूम नव्हे. गोव्यात पोर्तुगिजांनी 1559 च्या हुकुमाने हिंदू आईबापांची पोरकी मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची व्यवस्था केली; ती उघड जुलमाची गोष्ट होती आणि आज तिचे समर्थन कोणी जबाबदार ख्रिस्ती माणूस करणार नाही. अवघड उदाहरण आहे ते पंडिता रमाबाईंचे, कारण तेथे जुलूम नव्हता.

रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात नेले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण द्यायचे, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, ही अट होती, आणि त्या भरवशावरच रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात आले होते. रमाबाई स्वतः 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे ठेवत, आणि ज्या मुली आपणहून येऊन बसत त्यांना उठवून लावत नसत. काही मुली नियमाने येऊ लागल्या. 1893 साली पुण्यात गदारोळ झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, टिळकांच्या 'केसरी'ने झोड उठवली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावले नाही आणि कोणाला अडवणारही नाही. त्यात खोटे काहीच नव्हते. पण त्या खोलीबाहेरच्या मुलीच्या जागी उभे राहून पाहावे. केशवपन झालेली, सासरी नकोशी झालेली, माहेरी ओझे वाटणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिला पोटभर अन्न, पुस्तक आणि मायेचा शब्द पहिल्यांदा ज्या बाईंकडून मिळतो, त्या बाई रोज सकाळी पलीकडच्या खोलीत गुडघे टेकतात. दार उघडे असले तरी तिच्या मनावर कृतज्ञतेचा भार असतो, आणि तो भार कोणी मुद्दाम टाकलेला नसला तरी असतोच. दुसऱ्या बाजूला, त्या मुलीला स्वतःचा विचार असूच शकत नाही असे धरून चालणारे पालक आणि संपादकही तिच्यावर उपकार करत नव्हते. माझ्या मते चूक दार उघडे ठेवण्यात नव्हती. जिला नको आहे तिचा नकार सुरक्षित आहे, हे तिला दिसेल अशी कोणतीही व्यवस्था नव्हती, हे खरे उणे होते.

आजच्या वसतिगृहाला, अनाथाश्रमाला, दवाखान्याला हाच धडा लागू करता येतो. प्रवेशाच्या वेळीच पालकांना व मुलांना लेखी सांगावे की येथे प्रार्थना होते, ती ऐच्छिक आहे, आणि न येणाऱ्यांसाठी त्याच वेळी अभ्यासिका खुली आहे. अभ्यासिका खरोखरच उघडी असावी, दिवे लावलेले असावेत आणि तेथे बसणाऱ्यांची हजेरी घेऊन ती कोणाकडे जाऊ नये. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत तर राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदाप्रमाणे विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाला, विचारल्याशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवताच येत नाही. रुग्णाजवळ परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी स्वतःहून धर्माचा विषय काढू नये. रुग्णाने प्रार्थना करा म्हटले तर करावी आणि तेवढ्यावर थांबावे. घरकाम करणाऱ्या बाई, शेतावरचे मजूर, आपल्या हाताखालचे कर्मचारी यांना मालकाने रविवारच्या उपासनेचे आमंत्रण देणे मला मुळीच पसंत नाही. ते 'येईन' म्हणतील, आणि ते का म्हणाले हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पूर, दुष्काळ, साथ अशा वेळी मदत वाटताना हा नियम आणखी कडक करावा लागतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांनंतर मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांनी ऐकून घेतला. त्यांतल्या कितीतरी जणांनी जातीच्या जाचातून सुटण्यासाठी विचारपूर्वक निर्णय घेतला होता. पण धान्याचे पोते आणि बाप्तिस्मा एकाच हाताने दिले गेले की घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर कायमचा संशय राहतो. म्हणून शिधावाटपाच्या दिवशी पत्रके वाटू नयेत, यादी करताना धर्म विचारू नये, आणि शक्य असेल तर वाटपाचे काम गावातल्या इतर धर्मीयांच्या बरोबरीने करावे. लूकच्या शुभवर्तमानात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचे बरे होणे काही रद्द झाले नाही.

बोलावे कसे

ज्याच्यावर आपला कोणताही अधिकार नाही, अशा बरोबरीच्या माणसाशी मोकळेपणाने बोलण्यात काहीही गैर नाही आणि त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद करत असत. गर्दी जमे, प्रश्नोत्तरे होत, दोन्ही बाजूंना टोले बसत. त्या वादांत कडवटपणा होता, पण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आपापल्या पायावर उभे होते, आणि अशा ठिकाणी मतभेद झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. चोरून, दार लावून, आधी 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर' म्हणायचे आणि मग प्रवचन सुरू करायचे, यापेक्षा किनाऱ्यावरचे भांडण केव्हाही बरे. आमंत्रणपत्रिकेवर प्रार्थनासभा असेल तर प्रार्थनासभाच लिहावे.

स्वतःच्या अनुभवाविषयी प्रथमपुरुषात बोलावे. दुसऱ्याच्या देवाविषयी बोलायची वेळ आली तर त्या धर्माचा जाणता माणूस शेजारी बसला आहे असे समजून बोलावे. मूर्तींना 'दगड' म्हणणे, देवतांना 'सैतान' म्हणणे, प्रसादाला नावे ठेवणे हे प्रकार काही सभांतून सर्रास चालतात. मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा होतो हे खरेच, पण त्याआधी ती असभ्यता आहे. 'बाप्तिस्मा घेतला नाहीस तर घरात अरिष्ट येईल' असे आजारी किंवा शोकग्रस्त माणसाला सांगणे ही तर धमकीच होय, मग ती वचन वाचून दिलेली का असेना. पेत्राच्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असे सांगताना ते सौम्यतेने व आदराने द्या, असेही बजावले आहे. तेथे 'विचारणाऱ्याला' हे महत्त्वाचे. न विचारणाऱ्याच्या घरी तिसऱ्यांदा जाऊ नये.

चंगाई सभांविषयी, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या सभांविषयी, थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. समजा, वस्तीतली एक आई क्षयरोग झालेल्या मुलाला घेऊन प्रार्थनेला आली आहे. मुलगा सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घेतो, दोन महिन्यांत त्याला बरे वाटू लागले आहे, आणि सभेत कोणीतरी म्हणते, 'विश्वास असेल तर आता गोळ्यांची गरज नाही.' गोळ्या मध्येच बंद झाल्या तर रोग उलटतो आणि औषधांना दाद न देणारा होऊ शकतो, हे त्या आईला माहीत नसते. सांगणाऱ्याला माहीत असायला हवे. अशा वेळी पाळकाने सर्वांसमोर स्पष्ट म्हणावे, 'आपण प्रार्थना करू, आणि ताई, गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत एकही दिवस चुकवायच्या नाहीत.' दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या कोणीतरी तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. चमत्काराने रोग बरे होतील अशी जाहिरात करणे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली अडचणीचे ठरू शकते, आणि अतींद्रिय शक्तीच्या नावाने वैद्यकीय उपचार रोखणाऱ्यांना महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही माफ करत नाही. बरे झालेल्यांच्या 'साक्षी' चित्रीत करून समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये. तो चेहरा उद्या गावातल्या प्रत्येक मोबाईलवर असतो आणि त्याचे परिणाम तुम्हाला नव्हे, त्या माणसाला भोगावे लागतात.

अल्पवयीन मुलांना पालकांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देऊ नये, त्यासाठी तयारही करू नये. 1843 साली श्रीपत शेषाद्री या मुलाचे प्रकरण मुंबईच्या न्यायालयात गेले, मिशनऱ्यांकडे राहणारा हा मुलगा न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. मोठ्यांच्या भांडणात त्या पोराचे काय झाले असेल, याचा विचार दोन्हीकडच्या फार थोड्यांनी केला.

कोणी 'मला ख्रिस्ती व्हायचे आहे' म्हणाले तर

बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका येथे संपतात. मला मात्र खरी जबाबदारी येथे सुरू होते असे वाटते. पहिले काम म्हणजे वेळ लावणे. कॅथलिक मंडळीत प्रौढांच्या तयारीचा काळ सहसा अनेक महिन्यांचा असतो आणि ती पद्धत इतरांनी उचलण्यासारखी आहे. 2011 साली व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून सुवार्ताकार्यासाठी आचरणाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही विचाराला व तयारीला पुरेसा अवधी द्यावा असे म्हटले आहे. सभेच्या भावनेच्या भरात त्याच संध्याकाळी नदीवर नेणे म्हणूनच टाळावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली तेव्हा ख्रिस्ती मिशनांसह अनेक धर्मांच्या प्रतिनिधींनी त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांनी मात्र दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी, आणि तीही बौद्ध धम्माची. एवढी वाट पाहण्याची गरज सर्वांना नसते, पण घाई कोणाला होती हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरे काम म्हणजे परिणाम स्पष्ट सांगणे. व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. आरक्षण जाते आणि त्या दर्जावर आधारलेले अट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जाते. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. मला हा आदेश अन्याय्य वाटतो, कारण जात काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही, पण म्हणून कागदावर हिंदू आणि उपासनेत ख्रिस्ती असे दुहेरी जगण्याचा सल्ला पाळकाने देऊ नये. खोटेपणाचा सर्व धोका त्या कुटुंबाच्या वाट्याला येतो. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क 1850 च्या कायद्यामुळे टिकतो, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. या गोष्टी सांगितल्याने माणूस मागे फिरला, तर फिरू द्यावा.

तिसरे, घरच्यांशी बोलणे. व्यक्ती सज्ञान असेल तर घरच्यांची परवानगी लागत नाही, मात्र त्यांच्यापासून लपवून केलेल्या गोष्टीची किंमत कोणीतरी मोजते. कवी ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला अंधारात ठेवून. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळले आणि पुढची काही वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने, लोकांची बोलणी खात काढली. त्या नंतर टिळकांकडे आल्या, जातिभेद त्यांच्या स्वतःच्या मनातून गेला, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शेवट चांगला झाला म्हणून सुरुवात बरोबर ठरत नाही. पाळकाने विचारावे, 'घरी कोणाला सांगितले आहे का? सांगताना मी बरोबर येऊ का?' ज्या घरात मारहाणीचा किंवा जिवाचा धोका आहे तेथे अर्थात आधी सुरक्षिततेचा विचार करावा, आणि तो निर्णय त्या व्यक्तीने घ्यावा.

बाप्तिस्मा झाल्यावर नाव बदलण्याचा आग्रह नको. नारायण वामन आणि लक्ष्मीबाई यांना आपली नावे शेवटपर्यंत पुरली. कोणाला कागदोपत्री नोंद हवी असेल तर धर्मबदलाची नोंद महाराष्ट्र शासन राजपत्रात करता येते, त्यासाठी मदत करावी. कुंकू, दिवाळीचा फराळ, आईच्या श्राद्धाच्या दिवशी घरी जाणे, यांवर मंडळीतल्या जुन्या लोकांनी पोलिसी करू नये. आणि जातीचा प्रश्न मंडळीच्या आत पुन्हा उभा राहणार असेल, म्हणजे लग्ने जुळवताना कोण मूळचे कोण हे पाहिले जाणार असेल, तर ते नवीन माणसाला आधीच सांगण्याचा प्रामाणिकपणा दाखवावा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. नोंदवहीतल्या आकड्यांपेक्षा माणसांकडे पाहणाऱ्याला अशी कल्पना सुचते. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात बाप्तिस्म्यांची संख्या मागितली जात असेल, तर ती मागणी नाकारण्याची तयारी ठेवावी, कारण सगळ्या गैरप्रकारांचे मूळ बहुधा त्या रकान्यात असते.

शेवटी, जो आला तो जाऊही शकतो. मार्कच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याच्यामागे कोणाला पाठवले नाही. मंडळी सोडू इच्छिणाऱ्याच्या मुलांचा शाळेतला प्रवेश, वसतिगृहातली जागा, मिळत असलेली औषधाची मदत यांतले काहीही काढून घेऊ नये, कोणाच्या प्रवचनात त्याचे नाव येऊ नये, आणि त्याने दाखला मागितला तर तो त्याच आठवड्यात, कारण न विचारता, द्यावा.